फ्रेंच जेवण, तीन बजेटं आणि एक आजी

प्रश्न: आम्ही मुलुंडला राहतो. लेक बावीस वर्षांची आहे. अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलं ते तिला सुटलंच नाही, आणि आता पुढच्या शिक्षणासाठी फ्रान्सला, लियाँला निघालीय. ऑगस्टअखेर विमान. जायच्या आधी आम्ही सगळ्यांनी एकदा तरी फ्रेंच जेवावं असा तिचा हट्ट आहे. तिला मैत्रिणींबरोबर जायचंय, माणशी पाचशेत. घरच्या चौघांना जायचंय, सहा हजारांच्या आत. शिवाय ऑगस्टमध्येच आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, तेव्हा आम्हा दोघांना ती पाठवणार म्हणते. तिथे दहा हजारांपर्यंत जाऊ. सासूबाई शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही, आणि चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद. मी चिकन-मासे खाते, पण गाय-डुक्कर नाही. आमचे हे सगळं खातात, पण काट्या-सुरीने पोट भरत नाही म्हणतात. मोबाइलवर शोधलं तर पन्नास नावं येतात, त्यांतली निम्मी बंद पडलेली. कुठे जावं? फसगत नको, एवढंच.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर:

ताई, निम्मी नावं बंद पडलेली असतात हे तुम्ही बरोबर हेरलंत. मुंबईत निखळ फ्रेंच रेस्तराँ कधीच फार नव्हती, आणि होती तीही टिकली नाहीत. ताजच्या वरच्या मजल्यावर एकेकाळी ‘रॉन्देव्हू’ होतं, समुद्र बघत फ्रेंच जेवायची जागा. ते कधीच इतिहासजमा झालं. कुलाब्यातलं ‘ल फिफ्टीन’चं कॅफे लोकांच्या आवडीचं होतं, ते २०२० मध्ये बंद झालं. कारणं उघड आहेत. फ्रेंच स्वयंपाकाला हात जास्त लागतात, अर्धं सामान बाहेरून येतं, आणि आपल्याकडे चौघांच्या टेबलावर एक तरी माणूस अंडं न खाणारा निघतो. तिकडच्या स्वयंपाकातून अंडं काढलं तर भटारखान्याचा अर्धा भाग ओस पडेल. म्हणून निघायच्या आधी फोन करायचाच, मग खाली मी लिहिलेल्या जागा का असेनात.

आता पैशांचं. फ्रेंच म्हणजे महागच, असं आपण धरून चालतो. महाग असतो तो वातानुकूलित हॉल, परदेशी चीज आणि बाटली. खुद्द पॅरिसमध्ये स्वस्तात भरपेट जेवू घालणाऱ्या ‘बुयाँ’ खानावळी एकोणिसाव्या शतकापासून आहेत. १८९६ ला सुरू झालेली शार्तिये आजही चालू आहे. पाव, लोणी, अंडं, कांदा, बटाटा, पिठाची धिरडी ही तिथल्या साध्या माणसांची रोजची जेवणं. ती चांगली केली तर मुंबईतही पाचशेत जमतात. दहा हजारांतही चांगलं मिळतं, कारण त्या पैशांत कुणीतरी तुमच्यासाठी वेगळा हात राबवतो. माणूस फसतो तो मधल्या पट्ट्यात. भिंतीवर आयफेल टॉवरचा फोटो, मेन्यूत पास्ता, रिसोटो, थाई करी, नाचोज आणि कोपऱ्यात एक फ्रेंच ऑनियन सूप. माणशी दीड हजार मोजून बाहेर पडाल आणि लेकीला लियाँत काय खायला मिळणार याचा पत्ता लागलेला नसेल. तुमचं सहा हजारांचं बजेट बरोबर याच पट्ट्यात बसतं, म्हणून त्यावर सगळ्यात जास्त बोलू.

आधी मुलींचं. त्यांनी रेस्तराँच्या नादी लागूच नये. सकाळी निघावं आणि बेकरी गाठावी. पूजा धिंग्रा पॅरिसहून शिकून आल्या आणि २०१० मध्ये त्यांनी ‘ल फिफ्टीन’ काढलं. नावातला पंधरा म्हणजे पॅरिसचा पंधरावा विभाग. तिथले मॅकरॉन प्रसिद्ध आहेत. कुलाब्यात ‘मॅग स्ट्रीट’ची बेकरी आहे. बीकेसीतल्या सोफिटेलमध्ये ‘आर्टिझन’ नावाचं पॅटिसरीचं दुकान आहे; हॉटेल फ्रेंच साखळीचं, पण तिथे जायचं ते कॉफी आणि क्रोसाँपुरतंच. एक क्रोसाँ, एक कॉफी आणि चौघींत वाटून एखादी पेस्ट्री, एवढ्यात माणशी पाचशे सहज पुरतात.

क्रोसाँ मात्र डोळे उघडे ठेवून खायला सांगा, कारण फ्रेंच बेकरीची सगळी विद्या त्यात दिसते. मैद्याच्या आंबवलेल्या पोळीत लोण्याची चपटी लादी गुंडाळतात, लाटतात, तीन पदरी घडी घालतात, थंड करतात, पुन्हा लाटतात. अशा तीन घड्या झाल्या की लोण्याचे सत्तावीस थर होतात. भट्टीत त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि प्रत्येक थर दुसऱ्याला वर उचलतो. गोम अशी की लोणी तिशीच्या थोडं पुढे गेलं की वितळतं, आणि मुंबईच्या हवेला तिशी म्हणजे काहीच नाही. लोणी पिठात मुरलं की थर संपले, हाती उरतो नुसता लोणकट पाव. म्हणून हे काम थंड खोलीत करावं लागतं, आणि त्या खोलीचं वीजबिल तुमच्या क्रोसाँच्या किमतीत असतं. लोणीही वेगळं. आपल्याकडच्या टेबल बटरला किमान ८० टक्के स्निग्धांश लागतो, फ्रेंच लोण्याला ८२. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढं पाणी कमी म्हणजे लाटताना लोणी तुटत नाही, वाकतं.

चांगला कसा ओळखायचा? उचलला की दिसतो त्याहून हलका लागला पाहिजे. रंग फिका पिवळा नको, चांगला खरपूस तपकिरी हवा. मधोमध तोडला की आत मोठी, वेडीवाकडी जाळी दिसावी आणि टेबलभर भुगा पडावा. भुगा पडला नाही तर तो आदल्या दिवशीचा. खाऊन झाल्यावर टाळूला मेणचट थर राहिला तर समजावं, लोण्याऐवजी मार्गरिन आहे. चॉकलेटचा, बदामाचा, पिस्त्याचा असले प्रकार पहिल्या खेपेला नकोतच. नुटेला भरला की कुठलाही क्रोसाँ चांगलाच लागतो. आणि जायचं ते सकाळी. दुपारी चारला काचेआड उरलेला क्रोसाँ कुठल्याही दुकानाचा असो, त्यावर पैसे घालवू नयेत.

मॅकरॉनवर जीव टाकायचं कारण नाही. बदामाची पूड, अंड्याचं पांढरं, साखर. एकेक घेऊन चाखावा आणि पुढे जावं.

आता चौघांचं जेवण. माझं मत स्पष्ट आहे: ‘सुझेट’. तीन फ्रेंच मित्रमैत्रिणींनी २०११ मध्ये नरिमन पॉइंटला ते सुरू केलं आणि पुढे वांद्र्याकडे वाढवलं. कारभार क्रेपचा, म्हणजे फ्रेंच धिरड्यांचा. त्यात दोन प्रकार येतात. गोड क्रेप मैद्याची, नाजूक, पिठात दूध-अंडं घातलेली. खारी गॅलेत कुट्टूच्या पिठाची, ब्रिटनी प्रांतातली, आपल्या घावनासारखी: काठ कुरकुरीत, मधे मऊ, आत सारण घालून चारी बाजूंनी दुमडलेली. पारंपरिक गॅलेतच्या पिठात कुट्टू, पाणी आणि मीठ एवढंच असतं. काही जण मात्र अंडं फोडतात, त्यामुळे विचारायचं. कुट्टूचं पीठ सासूबाईंच्या ओळखीचं असेल, उपासाला चालतं. म्हणजे निदान पहिल्या घासाला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडणार नाही.

विचारायचं ते नीट विचारा. ‘व्हेज आहे का?’ या प्रश्नाला मुंबईत सगळीकडे हो असंच उत्तर मिळतं. पिठात अंडं आहे का, तवा वेगळा आहे का, चीजमध्ये रेनेट कुठलं, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. रेनेट म्हणजे दूध फाडायचं विरजण. ग्रुयेरसारख्या परंपरागत युरोपी चीजमध्ये ते वासराच्या जठरातून येतं. अमूलसारख्या आपल्याकडच्या चीजमध्ये ते सूक्ष्मजीवांपासून केलेलं असतं आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. सासूबाईंना चालतं की नाही हे त्यांनी ठरवावं, पण त्यांना न सांगता भरवू नका. नंतर कळलं की त्याचा ताप तुम्हालाच.

आजींसाठी दुसरेही दोन पदार्थ आहेत, कुठे मेन्यूत दिसले तर डोळे झाकून मागवा. ग्रातँ दोफिन्वा: पातळ चकत्या केलेला बटाटा, दूध, क्रीम, लसणाचा वास, जायफळ, आणि भट्टीत तासभर. मूळ पाककृतीत अंडंही नाही आणि चीजही नाही. दुसरं रातातुई, दक्षिणेकडचं: वांगं, झुकिनी, ढोबळी मिरची, टोमॅटो, कांदा, लसूण, ऑलिव्हचं तेल. यात लसूण, कांदा आणि वांगं तिन्ही आलं, म्हणून चातुर्मासात ते हद्दपार. तेव्हा चौघांचा बेत आषाढी एकादशीच्या आधीच उरकून टाका. ऑगस्टपर्यंत थांबलात तर सासूबाईंसमोर लिंबू-साखरेच्या क्रेपशिवाय काही उरणार नाही, आणि त्या क्रेपमध्येही बहुतेक अंडं असणार.

तुमच्यासाठी सूचना वेगळी. फ्रेंच स्वयंपाकात डुक्कर लपून येतं. किश लोरेन या अंडं-क्रीमच्या खाऱ्या टार्टमध्ये बेकन असतं. क्रोक मस्यो हे दिसायला ग्रिल्ड सँडविच, पण आत हॅम. कोक ओ व्हँ म्हणजे लाल वाइनमध्ये शिजवलेलं कोंबडं. त्याच्या फोडणीलाच बेकनचे तुकडे असतात आणि मेन्यूत फक्त चिकन लिहिलेलं असतं. मुंबईत बऱ्याच ठिकाणी चिकन हॅम वापरतात, पण विचारल्याशिवाय धरून चालू नका. तुमच्या मिस्टरांनी स्टेक मागवला तर मेन्यूत ‘टेंडरलॉइन’ असेल. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हणून ते मांस म्हशीचं असतं. सगळं खाणाऱ्याला अडचण यायची नाही, फक्त तो मध्यम शिजवलेला मागवावा. पूर्ण शिजवला की म्हशीचं मांस चिवट होतं.

सहा हजारांचा हिशेब असा बसवा. चौघांना चार खाऱ्या गॅलेत, दोन गोड क्रेप वाटून, आणि प्यायला काहीतरी. एवढ्यावर बिल सहा हजारांच्या बरंच आत राहतं. उरलेल्या पैशांत सासूबाईंना जाता-येता टॅक्सी करा. मुलुंडहून दादरला गाडी बदलून वांद्र्याला जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. जायचं ते आठवड्यातल्या दुपारी. शनिवार-रविवारच्या ब्रंचच्या गर्दीत वेटरला रेनेटविषयी विचारणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून पाककृती विचारणं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तुमच्या मिस्टरांना बहुतेक पंचतारांकित हॉटेलचा बुफे सुचेल. ‘एवढ्या पैशात काय पाहिजे ते खा’ या हिशेबाला पुरुषमाणूस लगेच भुलतो. नको. एक तर बुफेत सगळं जग मांडलेलं असतं, त्यात फ्रान्स म्हणजे पावाची टोपली आणि चीजची पाटी. दुसरं म्हणजे कर. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं तिथल्या जेवणावर जीएसटी १८ टक्के, बाहेरच्या रेस्तराँत ५ टक्के. चौघांच्या बिलात हा फरक चांगलाच जाणवतो, आणि सासूबाई बुफेतून खाणार काय, तर दहीभात.

कांद्याचं सूप राहिलं. ते हॉटेलात मागवू नका, घरी करा, आणि करा ते कांदेनवमीला. आषाढ शुद्ध नवमीला घरात कांद्याचं सगळं काही होतंच. भजी, थालीपीठ, झुणका. त्यात हे एक घाला. पॅरिसच्या मध्यवर्ती बाजारात, ले आलमध्ये, पहाटे भाज्यांची पोती उचलणारे हमाल हे सूप पीत. १९६९ मध्ये तो बाजार शहराबाहेर रुंजीसला हलला, सूप तेवढं मागे राहिलं. हॉटेलात ते बहुतेकदा बीफ किंवा चिकनच्या पाण्यात करतात, म्हणून आजींना चालणारं ते तुमच्याच गॅसवर होणार.

चौघांना किलोभर कांदा लागतो. बघून घाबरू नका, एवढासा उरतो. उभा, पातळ चिरा. जाड बुडाच्या कढईत दोन-तीन चमचे लोणी आणि थोडं तेल, त्यावर कांदा, मीठ. झाकण ठेवून दहा मिनिटं, मग झाकण काढा आणि आच मंद करा. इथून खरी परीक्षा. पहिली वीस मिनिटं काहीच घडत नाही, कांदा नुसता लुळा पडतो आणि पाणी सोडतो. नेमका इथेच माणूस वैतागून गॅस मोठा करतो आणि काठाचा कांदा करपतो. करू नका. अर्ध्या तासानंतर पाणी आटतं, रंग बदलायला लागतो, तळाला तपकिरी खरवड धरते. त्यावर दोन चमचे पाणी शिंपडून कालथ्याने ती खरवड सुटी करा, ती सगळी चव आहे. असं तीन-चारदा. पाऊण तास ते तासाभरात कांदा मधाच्या रंगाचा, गोळा झाल्यासारखा होतो. आपल्या बिरिस्त्यासारखा कुरकुरीत नाही करायचा. मग एक चमचा मैदा घालून परता आणि सव्वा लिटर भाजीचं पाणी ओता. ते आधी करून ठेवा: गाजर, सेलरी, मशरूमचे देठ, तमालपत्र, मिरी, अर्धा तास उकळा आणि गाळा. वाइन घालायची नसेल तर शेवटी चमचाभर व्हिनेगर टाका, नाहीतर सूप नुसतं गोड लागतं. वीस मिनिटं उकळलं की वाट्यांत घाला. वर कडक भाजलेल्या पावाची चकती, त्यावर किसलेलं गौडा, आणि ओव्हनमध्ये वरच्या आचेखाली चीजला डाग पडेपर्यंत. ओव्हन नसेल तर पावावर चीज ठेवून तव्यावर झाकण टाकून वितळवा आणि मग सुपावर ठेवा. प्रोसेस्ड चीजचे चौकोनी तुकडे मात्र वापरू नका. ते वितळतात पण ताणत नाहीत, आणि तार आली नाही तर लेक नाक मुरडेल.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं आता. दहा हजार म्हणजे मोकळा हात, तेव्हा घरी कधीच होणार नाही असं काहीतरी खा. माझी शिफारस सूफ्लेची, आणि मुंबईत त्या पदार्थाच्या नावाचंच रेस्तराँ आहे: चर्चगेटचं ‘सूफ्ले सिल व्हू प्ले’. स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच. जेवून बाहेर आलात की पाच मिनिटांत मरीन ड्राइव्ह, पंचविसाव्याला तेही शोभतं.

सूफ्ले समजून घेऊन खा, मजा दुप्पट होते. पांढऱ्या सॉसमध्ये अंड्याचा पिवळा बलक आणि चीज मिसळतात. पांढरं वेगळं फेटून फेस करतात आणि तो अलगद घोळतात. वाटीला आतून लोणी लावताना ब्रश खालून वर ओढतात, म्हणजे फुगणारं मिश्रण सरळ वर चढतं. भट्टीत फेसातली हवा प्रसरण पावते आणि सगळं वाटीच्या वर दोन-तीन बोटं उभं राहतं. बाहेर काढलं की ती हवा आकसायला लागते, मिनिटा-दोन मिनिटांत खाली बसतं. म्हणजे हा पदार्थ तुमची वाट बघत नाही, तुम्ही त्याची बघायची. गोड सूफ्लेला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून तो जेवणाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. टेबलावर आला की फोटो एकच, मग चमच्याने मधे भोक पाडायचं, सॉस आत सोडायचा आणि खायला लागायचं. सुरुवातीला चीजचा एक आणि शेवटी गोड एक, दोघांत वाटून. मधे मासा किंवा चिकन. सगळंच सूफ्ले मागवलंत तर अंड्याने तोंड मिटेल.

दुसरा पर्याय वरळीचा, ‘स्लिंक अँड बार्दो’. कोळीवाड्याला लागून, कोस्ट गार्डच्या शेजारी जुन्या बंगल्यात २०१७ मध्ये सुरू झालं. जागा देखणी, ताटल्या लहान आणि वाटून खायच्या, पण तो अर्धा तरी बार आहे. तुम्हा दोघांना कॉकटेल आवडत असतील तर जरूर जा. शांतपणे गप्पा मारत जेवायचं असेल तर चर्चगेटच बरं.

वाइनची बाटली मागवू नका. आयात वाइनवरच्या करामुळे निम्मं बजेट बाटलीतच जाईल. त्याऐवजी एकेक ग्लास. शॅम्पेनचा मोह झाला तर ‘शांदों’ विचारा: मोएत हेनेसी ही फ्रेंच कंपनी ती आपल्या दिंडोरीत, नाशिकच्या द्राक्षांची करते. बुडबुडे तेवढेच येतात.

काट्या-सुरीची भीती मिस्टरांच्या मनातून काढून टाका. पाव हातानेच तोडायचा असतो, सुरीने कापणं उलट गावंढळ समजतात. बाकी बाहेरच्या चमच्यापासून आत यायचं, संपल्यावर दोन्ही समांतर ठेवायचं, की वेटर ताट उचलतो. पोट भरण्याचं म्हणाल तर पावाची टोपली पुन्हा मागता येते, लाजू नये. प्लेटमध्ये उरलेला सॉस पावाने पुसून खाणं घरात फ्रेंच माणूसही करतो.

बिल आलं की ते वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तो सक्तीचा करता येणार नाही असं सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. वेटर चांगला वागला तर टीप हातात द्या, ती त्याला मिळते. हुज्जत झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणि बसल्याबसल्या ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ असं विचारलं तर बेधडक साधं पाणी म्हणा.

लेकीसाठी थोडं. लियाँ ही खवय्यांची राजधानी मानली जाते, पण तिथल्या जुन्या खानावळी, ‘बुशों’ म्हणतात त्यांना, रेशीम विणणाऱ्या कामगारांच्या आहेत; जेवण जड, मांसाचं, आणि जनावराचा कुठलाही भाग वाया न घालवणारं. फ्रान्समध्ये मेन्यूतल्या किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेलं असतं, नळाचं पाणी आणि पाव फुकट मिळतो, आणि दुपारचा ठरलेला मेन्यू रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो, म्हणून बाहेर जेवायचं ते दुपारी. केनेल नावाचे माशाचे मऊ गोळे तिला आवडतील, गुलाबी प्रालीनचा टार्ट तर नक्कीच. अँदुयेत मात्र मागवू नकोस म्हणावं. दिसायला साधं सॉसेज, पण आत डुकराची आतडी असतात, आणि वास टेबलाच्या आधी पोचतो.